हवेची वही: ठाण्यातली एक गाडी, नोव्हेंबर ते सप्टेंबर

३ नोव्हेंबर २०२४, रविवार

मागच्या शनिवारी चारही टायर बदलले. टायरचे १७,८०० आणि अलाइनमेंट-बॅलन्सिंगचे ९००, म्हणजे ऐन दिवाळीच्या तोंडावर १८,७०० रुपये गेले. जुने टायर ३१,००० किलोमीटरमध्येच संपले होते. मधला पट्टा चांगला शिल्लक होता, पण दोन्ही कडा पार गुळगुळीत. दुकानातल्या माणसाने कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "मॅडम, कायम हवा कमी ठेवून चालवलीय गाडी." मी तावातावाने सांगितलं, दर महिन्याला न चुकता पंपावर हवा भरते. ते खरंच आहे. घोटाळा तिथेच होता.

ऑफिस ऐरोलीला, घर मानपाड्याला. मी हवा भरायचे ती संध्याकाळी परतताना, म्हणजे चौदा-पंधरा किलोमीटर चालून टायर तापलेले असताना. पंपावरचा मुलगा मशीनवर ३३ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) लावायचा, पीं वाजलं की झालं. पण तापलेल्या टायरमध्ये हवा फुगलेली असते. रात्रभर गाडी उभी राहिली की तेच ३३ सकाळी २९-३० वर यायचे. तीन वर्षं मी नेमाने कमी हवा भरत होते.

म्हणून ही वही. नियम एवढाच: रविवारी सकाळी सातला, गाडी जागची हलवण्याआधी, चारही चाकं मोजायची आणि सोबत तापमान लिहायचं. ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की खांबावर जे स्टिकर दिसतं, त्यावर आमच्या गाडीला चारही चाकांत ३३ पीएसआय आणि पूर्ण भार असेल तर मागच्या चाकांत ३६ असं लिहिलंय. टायरच्या बाजूवर ५१ चा आकडा आहे. तो टायर जास्तीत जास्त किती सहन करेल त्याचा आहे, भरायचा नाही. आमच्या सोसायटीत एक काका तो आकडा बघून ४५ भरतात आणि गाडी आदळते म्हणून कंपनीला शिव्या घालतात.

आज २४ अंश. पुढचं डावं ३१, पुढचं उजवं ३१.५, मागचं उजवं ३१, मागचं डावं ३०.५. दुकानात भर दुपारी दोनला, ३४ अंशांत ३३ भरले होते. साधारण सहा अंश उतरले की एक पीएसआय कमी होतो, तेव्हा दहा अंशांना दीड-पावणेदोन जाणारच. हिशोब जुळला. मागच्या डाव्याचा अर्धा पॉइंट, म्हणजे अर्धा पीएसआय, जास्त गेलाय, तिकडे मी लक्ष दिलं नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार

वर लिहिलेले आकडे कुठल्या गेजचे, म्हणजे हवा मोजायच्या यंत्राचे, हे सांगायचं राहिलं. घरात आता तीन गेज आहेत. १२० रुपयांचं पेनासारखं, ७५० चं डिजिटल, आणि सासऱ्यांचं गोल काट्याचं. नाना एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले, त्यांच्या पेटीत असल्या वस्तू निघतात.

एकाच चाकावर एका मिनिटाच्या आत तिन्ही लावून बघितले. पेन २८, डिजिटल ३१, नानांचं ३२.५. पेनाचं पुन्हा लावलं तर २९.५. नाना म्हणाले, "तीन घड्याळं असली की वेळ कुणालाच कळत नाही." मग तिन्ही घेऊन त्याच टायरच्या दुकानात गेले, त्यांच्या गेजवर तपासणीचं ताजं स्टिकर होतं. डिजिटल अर्ध्या पॉइंटच्या आत जुळलं. नानांचं दीडने जास्त दाखवतं, पण दर वेळी दीडनेच, म्हणजे बिचारं प्रामाणिक आहे. पेनाचं टाकून दिलं. ३ तारखेचे आकडे डिजिटलचेच आहेत. यापुढेही तेच.

१० नोव्हेंबर, रविवार

हवा भरायचं छोटं मशीन घेतलं, गाडीच्या लायटरच्या सॉकेटवर चालणारं, १,९०० रुपये. थंड टायरमध्ये हवा भरायची तर हवा घरीच हवी. पंपापर्यंत नेलं तरी मानपाड्याच्या सिग्नलला पंधरा मिनिटं उभं राहून टायर कोमट होतातच.

पहिल्याच दिवशी फ्यूज उडवला. सॉकेटला एकाचे तीन करणारा जोड होता, त्यात मोबाइलचा चार्जर आणि डॅशकॅम आधीच लावलेले, वरून हे मशीन. चौथ्या सेकंदाला सगळं शांत. फ्यूज २० रुपयांचा, पण फ्यूजची पेटी स्टिअरिंगखाली नेमकी कुठे आहे हे शोधण्यात आणि रविवारी उघडं दुकान मिळवण्यात दुपार गेली. धडा असा की मशीन एकटं थेट सॉकेटला लावायचं आणि इंजिन चालू ठेवायचं.

आणखी दोन गोष्टी लिहून ठेवते, कारण डब्यावर त्या लिहिलेल्या नसतात. मशीन चालू असताना त्यावर दिसणारा आकडा नळीतला असतो, टायरमधला नाही. बंद करून मग वाचायचा. आणि आट्याची नळी सोडवताना फुस्स होऊन पाऊण-एक पॉइंट जातोच. म्हणून ३४ भरते, नळी काढते, गेज लावते, आणि जास्त असेल तेवढी हवा नखाने सुई दाबून सोडते. चारही चाकं ३३.

१५ डिसेंबर, रविवार

२४ नोव्हेंबरला २१ अंशांत ३२, ३२, ३२ आणि मागचं डावं ३१ होतं. आज १८ अंश. ३१, ३१, ३१ आणि २९. थंडी पडलीय. सगळी परत ३३ केली, वीस मिनिटं लागली.

वहीत मी लिहून ठेवलंय: "मागचं डावं थंडीला जास्त हळवं." हे वाक्य मुद्दाम खोडलेलं नाही.

५ जानेवारी २०२५, रविवार

१७ अंश. येऊरच्या बाजूने वारा येतोय, बोटं गारठली. ३२.५, ३२.५, ३२.५. मागचं डावं ३०.

नाना शाल पांघरून खाली आले होते. वही मागितली, चष्मा लावून चारही रकाने बघितले आणि म्हणाले, "अगं, थंडी चारी चाकांना सारखीच लागते."

दोन महिने वही भरतेय मी, आणि आकडे नुसते उभे वाचत होते: गेल्या वेळी किती, या वेळी किती. त्यांनी आडवे वाचले. चारही चाकं बरोबरीने उतरली तर हवामान. एकच उतरलं तर ते चाक.

१२ जानेवारी, रविवार

आठवड्यात बाकीच्या तिघांचं काही हललं नाही, मागचं डावं २९ वर आलं. गळती नक्की.

घरीच शोधायला बसलो. नाना आधी व्हॉल्व्हवर थुंकी लावून बघतात. फुगा आला नाही. मग बादलीत भांड्यांचा साबण कालवून पूर्ण टायरवर लावला. खिळा नाही, काच नाही, बुडबुडा नाही. नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गेले. त्याने चाक काढून टाकीत बुडवलं, एक फेरी फिरवली, "काही नाही मॅडम, एकदम ओके." ५० रुपये आणि पाऊण तास.

१९ जानेवारी, रविवार

२७.५. ओके नाहीच.

या वेळी नाना सोबत आले आणि दुकान दुसरं. नानांनी चाक टाकीत घातल्यावर फिरवूच दिलं नाही. "थांब. पाणी शांत होऊ दे." पाणी स्थिर झालं. मिनिटभर काहीच नाही. मग रिम आणि टायर जिथे भेटतात त्या काठाशी मोहरीएवढा एक बुडबुडा चिकटलेला दिसला. तो फुगत फुगत जिऱ्याएवढा झाला, सुटला, वर आला. वीसेक सेकंदांनी त्याच जागी दुसरा. टाकीत चाक गरागरा फिरवलं तर हे दिसणं शक्यच नाही.

टायर काठावरून सोडवल्यावर कारण सापडलं. रिम साधी लोखंडी, सात वर्षांची, सगळे पावसाळे उघड्यावर काढलेली. काठाच्या आतल्या बाजूला वीतभर लांबीचे गंजाचे पापुद्रे धरले होते. नखाने ओढले तर निघत होते. ऑक्टोबरात नवीन टायर या गंजावरच चढवला होता. टायर बदलताना रिमचा काठ घासून घ्यायचा असतो, त्या दुकानवाल्यांनी घासला नाही. आणि मीही समोर उभी असून मोबाइल बघत होते.

दुरुस्ती साधी. तारेच्या ब्रशने गंज काढला, पॉलिश पेपर मारला, फडक्याने पुसलं, काठावर काळं सीलंट लावलं, टायर परत बसवला, बॅलन्सिंग केलं. ३०० रुपये, पन्नास मिनिटं. बाकीच्या तीन रिमा उघडून बघायच्या का, असं विचारलं. नाना म्हणाले, वही सांगेल.

१६ फेब्रुवारी, रविवार

चारही ३२.५. एका रेषेत. इतका आनंद व्हायचं खरं तर काही कारण नाही.

पंपावर नायट्रोजनची विचारणा झाली, चारी चाकांचे शंभर. भरला नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि उष्णतेने तोही तसाच फुगतो. शिवाय एकदा भरला की पुढच्या वेळी तो मिळणारा पंप शोधा, नाहीतर साधी हवा घालून शंभर रुपये विसरा.

१३ एप्रिल, रविवार

२६ अंश, सकाळी सातलाच घाम. चारही ३३. फेब्रुवारीनंतर यात हात घातलेला नाही. टायरमधून महिन्याला थोडी हवा झिरपून जातेच, पण उन्हाळा वाढत गेला त्याने ती भरून काढली. वर्षातले हे दोन-अडीच महिने मशीन डिकीत पडून राहतं. उलट ऑक्टोबरच्या उन्हात भरलेली हवा थंडीत दोन बाजूंनी उतरते. लक्ष ठेवायचं ते तेव्हा.

गंमत म्हणून संध्याकाळी चारला पुन्हा मोजलं. गाडी हललेली नाही. उजवी दोन ३४.५, डावी दोन ३६.५. आमच्या पार्किंगमध्ये डावी बाजू पश्चिमेला येते, दुपारनंतर ऊन तिच्यावरच. एकाच गाडीच्या दोन बाजूंत दोन पॉइंटचा फरक, तोही नुसत्या उन्हाचा. अशा वेळी हवा "सारखी" करायला गेलं की रात्री ती वाकडी होणार.

२० एप्रिल, रविवार, नाशिक

वर एवढं शहाणपण लिहून आठवडा झाला नाही तोच मी माती खाल्ली.

काल दुपारी कसारा घाट चढून घोटीच्या अलीकडे चहाला थांबलो. बाहेर ३८ अंश. शेजारच्या टायरवाल्याने न विचारता गेज लावलं. "मॅडम, चाळीस आहे! या उन्हात फुटेल." मागे दोन्ही मुलं बसलेली. मला ३३ चा आकडा पाठ आणि समोर ४०. नाना सोबत नव्हते. मी म्हटलं, काढा. त्याने चारही चाकं ३४ केली. पैसेसुद्धा घेतले नाहीत, भला माणूस.

आज सकाळी नाशिकला भावाच्या अंगणात मोजलं. २७, २७, २७, २६.५.

४० कुठून आले ते आता शांतपणे मांडते. सकाळी २६ अंशांत ३३. दुपारच्या हवेचे बारा अंश वाढले, त्याचे दोन. तासा-दीड तासाच्या धावेने टायर तापतो, त्याचे चार. घाट चढून आपण सहाशे मीटरच्या आसपास वर आलो, तिथे बाहेरच्या हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे गेज एक जास्त दाखवतं. झाले चाळीस. सगळं जिथल्या तिथे होतं, आणि टायरची मर्यादा ५१. फुटण्याची खरी भीती उलट बाजूला आहे: हवा कमी असली की टायरची बाजू दर फेऱ्याला जास्त दबते, आतून तापत जाते, आणि लांबच्या वेगाच्या रस्त्यावर तिथूनच फाटते. म्हणजे मुलांना घेऊन घोटी ते नाशिक मी आधीपेक्षा जास्त धोक्याची गाडी चालवली.

भावाच्या दारात मशीन लावून चारही ३३ केली, आणि चहा झाल्यावरच कुणाशी बोलले. वहीच्या पुठ्ठ्यावर मार्करने लिहिलंय: तापलेल्या टायरमधून हवा काढायची नाही.

१ जून, रविवार

या वर्षी पावसाने २६ मे रोजीच मुंबई गाठली. आज २५ अंश, ३२.५ सगळीकडे. ३३ केली.

पावसात हवा दोन-तीन पॉइंट कमी ठेवा, पकड येते, असं ऑफिसात तिघांनी सांगितलं. ठेवली नाही. रस्त्यावर साचलेलं पाणी टायरला दाबून बाजूला सारायचं असतं. हवा कमी असेल तर टायर पाण्यावर लवकर तरंगतो. पकडीसाठी बघायची ती नक्षीची खोली. कायद्याने १.६ मिलिमीटरच्या खाली टायर चालत नाही, खाचेतल्या उंचवट्यांशी रबर भिडलं की ती वेळ आली समजायचं. आमचे नवीन आहेत.

१३ जुलै, रविवार

मोठा खर्च. गुरुवारी रात्री गायमुखच्या उतारावर पाण्याने भरलेला खड्डा दिसलाच नाही. पुढचं डावं चाक असं आदळलं की दात वाजले. हवा गेली नाही म्हणून तशीच घरी आले. सकाळी बघितलं तर टायरच्या बाहेरच्या बाजूवर लिंबाएवढी गाठ. हात लावला तर मऊ. म्हणजे आतले धागे तुटलेत आणि वरचं पातळ रबर हवा धरून उभं आहे. याला पंक्चर नाही, पॅच नाही. टायर गेला. आठ महिन्यांचा.

पण लिहायचं कारण वेगळंच आहे. डिकीतून स्टेपनी काढली, जमिनीवर टाकली, तर ती उसळलीच नाही. गेज लावलं. १४.

चार चाकांची नोंद आठ महिने केली आणि पाचव्याची एकदाही नाही. गाठ रस्त्यात फुटली असती तर त्या पावसात माझ्या हातात हीच स्टेपनी होती. नानांना फोनवर सांगितलं तर पलीकडून काही आवाजच आला नाही. मग म्हणाले, "एसटीत यासाठी मेमो मिळायचा."

स्टेपनी भरून लावली. शनिवारी नवीन टायर घेतला: ४,६०० आणि अलाइनमेंट-बॅलन्सिंग ५००. या वेळी मोबाइल पर्समध्ये ठेवला आणि रिमचा काठ माझ्यासमोर घासून घेतला. थोडा गंज तिथेही होता. वहीत पाचवा रकाना आखला. स्टेपनीत ३६ ठेवते, लागेल तेव्हा सोडता येतात, घाटात भरत बसायला नको.

२४ ऑगस्ट, रविवार

उद्या गावी, गणपतीला. माणसं पाच, नारळ, तांदूळ, मखराचं सामान, नानांची पेटी. मागच्या दोन चाकांत ३६, पुढे ३३. भरायला पंधरा मिनिटं लागली, डिकी लावायला दीड तास.

७ सप्टेंबर, रविवार

परतलो बुधवारी. महामार्गाबद्दल इथे काही लिहीत नाही.

२५ अंश. पुढची दोन्ही ३२.५. मागची गावाहून आल्यावर ३३ करायची विसरले, म्हणून चार दिवस एकटीच गाडी चालवताना मागून टणाटण उडत होती. मागचं उजवं ३५.५. मागचं डावं ३४.५. स्टेपनी ३६.

डावं परत एक पॉइंट मागे आहे. सीलंटला आठ महिने झाले. अजून कुणाला सांगितलं नाही, पण नानांनी बादलीत साबण कालवून ठेवलाय.